मधलं नाव

सदाशिव पेठ, पुणे
९ सप्टेंबर २०१२

प्रति,
व्यवस्थापक,
दारपोच डॉट कॉम, कात्रज, पुणे

महोदय,

आपल्या दुकानातून मी दर महिन्याला एक पुस्तक मागवते. त्याला दुकान म्हणावे की नाही हे मला ठाऊक नाही, कारण ते आमच्यापैकी कुणी पाहिलेले नाही. पण पुस्तके येतात, धड येतात आणि पैसे दारात देता येतात, तेव्हा पुस्तकांबद्दल तक्रार नाही.

तक्रार हाकेबद्दल आहे. आपला माणूस आमच्या इमारतीत शिरला की तळमजल्यावरूनच माझ्या यजमानांचे संपूर्ण नाव घेऊन ओरडतो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कोर्टात पुकारा होतो तसा. परवा खालच्या यमुनाबाईंनी मला विचारले, "काय हो, समन्स आलंय वाटतं?" आमच्या दाराला बेल आहे. ती चालू आहे. तिच्याखाली 'बेल वाजवावी. एकदाच.' अशी पाटीही आहे. ती वाचण्याची तसदी आपल्या माणसाने घ्यावी.

दार उघडले की तो पुन्हा विचारतो, "साहेब हायेत का?" साहेब घरी नसतात. पुस्तके मी मागवते, पैसे मी देते, वाचतेही मीच. तेव्हा यापुढे जिन्यात हे नाव घेतले जाऊ नये.

तक्रारीसाठी आपल्या संगणकावर जो चौकोन ठेवला आहे त्यात एवढे मावले नाही, म्हणून पोस्टाने पाठवत आहे.

कळावे,
कुसुम श्यामसुंदर ढमढेरे

---

दारपोच डॉट कॉम, कात्रज
१७ सप्टेंबर २०१२

सौ. कुसुम ढमढेरे यांस,
सप्रेम नमस्कार.

मॅडम, तुमचं पत्र मिळालं. आमच्या ऑफिसात पोस्टाने आलेलं हे पहिलंच पत्र. ते कुणाच्या टेबलावर ठेवायचं हेच कुणाला कळेना, शेवटी माझ्या टेबलावर आलं. मी ग्राहकांच्या तक्रारी पाहते.

तुमच्या भागात पार्सल देणाऱ्याचं नाव दशरथ. तो इथे यायच्या आधी घरोघर दूध टाकायचा, त्यामुळे खालून हाक मारायची त्याची सवय जात नाही. त्याला समज दिली आहे. पाटीबद्दलही सांगितलं आहे.

नावाचं म्हणाल तर खातं साहेबांच्या नावाने आहे, म्हणून पार्सलवर त्यांचं नाव येतं. ते बदलायचं असेल तर साहेबांनी त्यांच्या ईमेलवरून आम्हाला दोन ओळी लिहाव्यात. नाहीतर साहेब घरी असतात ती वेळ कळवा, म्हणजे दशरथला त्याच वेळेला पाठवता येईल. रविवारीसुद्धा चालेल.

आपली,
नम्रता भोयर

---

सदाशिव पेठ
२४ सप्टेंबर २०१२

श्रीमती किंवा कुमारी नम्रता भोयर यांस,

तुमचं काय ते मला ठाऊक नाही म्हणून दोन्ही लिहिलं. माझं सांगते. मी सौ. नाही. श्रीमती.

साहेब घरी असतात ती वेळ कळवा असं तुम्ही लिहिलंत. ते फेब्रुवारीत गेले. 'घरी नसतात' असं मी लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. दुकानाला लिहिलेल्या पत्रात याहून जास्त लिहायचं असतं असं मला वाटलं नाही.

खातं त्यांच्या नावानं आहे त्याचं कारण असं. ते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला आणि अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत जाणं संपलं. मी शाळेत सातवीपर्यंत गेले, पुढचं सगळं वाचून वाचून शिकले, आणि माझ्या वाचनाला पुस्तकं पुरवणं हे काम त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षापासून अंगावर घेतलेलं. मग या वयात पोरासोरांत बसून ते संगणकाच्या क्लासला गेले. तिथे तुमचं दुकान सापडलं. पहिलं पार्सल आलं तेव्हा आपणच कारखाना उभारल्यासारखे ते दारात उभे होते. मलाही सगळं शिकवून ठेवलं. पासवर्डसुद्धा. ते गेल्यावर मी तसंच पुढे चालू ठेवलं, नाव बदलायचं असतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

आता त्या हाकेबद्दल. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला गंमत वाटेल. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बाकी जन्मभर 'अहो'. सही करताना माझ्या नावाच्या मधोमध त्यांचं नाव मी हजारदा लिहिलं असेल, पण तोंडानं नाही. म्हणून भर दुपारी जिन्यातून ते नाव असं मोकळं वर यायला लागलं की हातातलं काम थांबतं. मी भाजी चिरत असले तर विळी बाजूला ठेवावी लागते.

त्यांच्या ईमेलवरून दोन ओळी येणार नाहीत. पार्सलवर माझं नाव घालावं.

कुसुम श्यामसुंदर ढमढेरे

---

(पुस्तकाच्या पार्सलात)
५ ऑक्टोबर २०१२

आदरणीय काकू,

काकू म्हटलेलं चालेल का? चालत नसेल तर तसं लिहा, तुम्ही लिहालच. मी कुमारी आहे. 'सौ.' लिहिल्याबद्दल माफी मागते. तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले होते.

नाव बदललं. आमची कंपनी आहेच केवढी? वीस-बावीस माणसं आणि एक गोडाऊन. नाव बदलायचं म्हणजे मी खुर्ची फिरवून शेजारच्या दिग्विजयला सांगायचं, 'हे कर,' आणि तो 'चहा पाजशील तर' म्हणणार. आता पार्सलवर 'कुसुम ढमढेरे' येईल.

दशरथला मी सगळं सांगितलं. त्यानं हातातलं पार्सल खाली ठेवलं. मग म्हणाला, "आधी ठावं असतं तर पायऱ्या चढताना तोंडसुद्धा उघडलं नसतं, ताई."

मी हिंगणघाटची. इथे कात्रजला तिघी मैत्रिणी मिळून खोली करून राहून राहिलो. माझ्या आईला पुस्तकांच्या दुकानात नोकरी लागली असंच सांगितलं आहे. दिसत नाही असं दुकान असतं हे तिला पटत नाही.

उत्तर द्यायचं झालं तर दशरथजवळ द्या. पोस्टापेक्षा लवकर पोचेल.

तुमची,
नम्रता

---

सदाशिव पेठ
२० जानेवारी २०१३

चि. नम्रता,
अनेक आशीर्वाद.

काकू चालेल.

पार्सलं माझ्या नावानं येतात. दशरथ एकदाच बेल वाजवतो आणि दवाखान्यात बोलतात तशा आवाजात म्हणतो, "मॅडम, पार्सल." पैसे घेतो, नमस्कार करतो, पाय न वाजवता उतरतो. तक्रारीला जागा नाही. यमुनाबाईंनीसुद्धा विचारलं, "तुमचा तो भालदार कुठं गेला?"

मी तुला हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. गेल्या महिन्यात मी बँकेत गेले होते. तिथल्या मुलीनं त्यांच्या नावाआधी 'कै.' लिहून कागद माझ्याकडे सरकवला, नाव तोंडानं घेतलं नाही. घरी येताना मी मनाशी विचार करत होते की हे नाव आता कोण घेतं. कारखान्यात सगळे त्यांना ढमढेरे म्हणत. धाकटे दीर अण्णा म्हणायचे, तेही गेले. मित्रांना ते शाम. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे बापाचं नाव सांगणारं कुणी नाही. मी तर कधीच घेतलं नाही.

म्हणजे त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मोठ्यानं घेणारा या जगात एकच माणूस उरला होता. आणि मी कागद-पेन घेऊन त्याची तक्रार केली.

मला ते ऐकून त्रास होत होता हे खरं आहे. पण आता जे ऐकू येत नाही त्याचा त्रास वेगळा आहे, आणि तो कामाच्या वेळीच होतो असं नाही.

तेव्हा नाव पहिल्यासारखं कर. 'श्यामसुंदर महिपती ढमढेरे'. दशरथला सांग, खालून ओरडलं तरी चालेल. पाटीकडे लक्ष देऊ नये.

तुम्ही मला विक्षिप्त म्हणाल. म्हणा.

तुझी,
कुसुमकाकू

---

(पार्सलात)
४ फेब्रुवारी २०१३

काकू,

केलं. दिग्विजयनं या वेळी चहासुद्धा मागितला नाही.

दशरथला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, खरंच का? मागनं मलाच बोलणी बसतील." मी तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं, तेवढी परवानगी तुमची न विचारता घेतली. मग त्यानं पार्सल हातात घेऊन नाव नीट वाचून पाहिलं. 'महिपती'वर मागे तो अडखळायचा म्हणे.

विक्षिप्त कुणी म्हटलं नाही.

नम्रता

---

सदाशिव पेठ
२६ ऑक्टोबर २०१३

चि. नम्रता,

दिवाळीच्या चकल्या दशरथबरोबर पाठवत आहे. त्यानं वाटेत खाऊ नयेत म्हणून त्याला वेगळी पुडी दिली आहे.

तुला सांगायला हरकत नाही, पहिल्या हाकेला मी दार उघडत नाही. दुसरी होऊ देते. दशरथला ते कळलं आहे, पण तो तसं दाखवत नाही. एकदा आवाज देतो, पहिल्या मजल्यावर थांबतो, मग पुन्हा देतो. परवा यमुनाबाई खालून म्हणाल्या, "कुसुमताई, हाकेला ओ तरी द्या, आमची झोपमोड होते." मी म्हटलं, "हाक तुम्हाला नाही." संध्याकाळी त्या वाटीभर शिरा घेऊन वर आल्या आणि बसल्या. आमचे हे दर पावसाळ्यात यमुनाबाईंच्या मोरीचं गटार कसं मोकळं करत होते ते सांगितलं. मला ते ठाऊकच नव्हतं.

आमच्या गल्लीत आता रोज तीन-तीन कंपन्यांची माणसं येतात. बूट, मिक्सर, फोन, लहान मुलांचे कपडे. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं परवा मीठ मागवलं. कोपऱ्यावर किराणा असताना मीठ! रद्दीवाला म्हणतो, आता वर्तमानपत्रांपेक्षा खोकी जास्त. तुमची कंपनी वाढते आहे ना? दशरथ म्हणत होता, गोडाऊन तिप्पट झालं. तुला बढती मिळाली का ते त्याला सांगता आलं नाही. तू लिहीत नाहीस, म्हणजे विचारायला हवं.

जेवतेस का वेळेवर? कात्रजहून इथे यायला बस थेट आहे.

काकू

---

कात्रज
८ जुलै २०१४

आदरणीय काकू,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही. चकल्यांबद्दलसुद्धा मी दोनच ओळी पाठवल्या होत्या. जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नव्हता.

दारपोच विकली गेली. एका अमेरिकन कंपनीनं घेतली. त्यांना इथला बाजार हवा आहे, आणि आमचे ग्राहक त्यांना आयते मिळाले. आम्हाला सगळ्यांना मोठ्या हॉटेलात जेवण दिलं, टोप्या दिल्या. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की पाच वर्षांत इंडियातल्या प्रत्येक दाराशी आपण असू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

आता त्यांचा फॉर्म आला आहे. त्यात नावाला दोनच चौकोन आहेत. पहिलं नाव आणि आडनाव. मधलं नाव कुठे घालायचं असं आम्ही विचारलं, तर तिकडून उत्तर आलं की मधल्या नावाची गरज पडत नाही. म्हणजे महिपती तर गेलेच. पण तेवढ्यावर थांबत नाही. या महिनाअखेरपर्यंत प्रत्येक खातेदाराला फोन जाईल. 'मीच अमुक' असं खातेदारानं स्वतः सांगायचं. जो सांगणार नाही त्याचं खातं बंद.

दशरथही नाही आता. पार्सल वाटायचं काम ठेकेदाराकडे गेलं. नवी मुलं मोटरसायकलवर असतात, इमारतीखाली उभं राहून फोन करतात. हाक कुणी मारत नाही. दशरथ पुन्हा दुधाकडे गेला. जाताना तुमच्या पार्सलची चौकशी करून गेला.

काकू, एक मार्ग आहे. फोन माझ्याच टेबलावरून जाणार आहेत. मी दिग्विजयचा नंबर तुमच्या खात्यावर टाकते. फोन वाजला की तो म्हणेल, 'हो, मीच श्यामसुंदर ढमढेरे.' एवढंच. खातं राहील. तो तयार आहे. हे मी सुचवलं असं कुणाला सांगू नका. तुम्ही 'हो' लिहिलं की मी करते. महिना संपायच्या आत कळवा.

तुमची,
नम्रता

---

सदाशिव पेठ
१४ जुलै २०१४

चि. नम्रता,

नाही.

तुला राग येईल, म्हणून कारण लिहिते. खडकीच्या कारखान्यात ते आत जाताना फाटकावर आपला बिल्ला देत आणि बाहेर पडताना परत घेत. फळीवर ज्याचा बिल्ला, तो माणूस आत. एकदा एका कामगारानं उशीर झालेल्या मित्राचा बिल्ला आपल्याबरोबर देऊन टाकला. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण यांनी ते वर कळवलं, आणि तेव्हाच्या आमच्या चाळीतल्या लोकांनी कित्येक महिने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. मलाही तेव्हा ते फार कडक वाटले. एवढ्यासाठी? असं मी विचारलं. ते म्हणाले, "दारूगोळ्याचं काम आहे. उद्या आत काही झालं तर कोण आत आहे आणि कोण नाही हे खरंच ठाऊक पाहिजे. नसलेल्या माणसाला शोधायला असलेला माणूस आत जातो आणि मरतो."

जो नाही, त्याला आहे म्हणायचं नाही. त्यांच्या नावावर तर मुळीच नाही. दिग्विजय चांगला मुलगा असेल, पण त्यानं 'मीच' म्हणायचं नाही. ते ऐकलं तर हे उठून बसतील असं मी म्हणणार होते. उठून बसत असते तर मी लगेच 'हो' लिहिलं असतं.

खातं बंद होऊ दे. तू तुझ्या नोकरीला जप. मला हे सुचवताना तू काय पणाला लावत होतीस ते माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस.

आणि ते दोन चौकोन. तुझ्या साहेबांना सांग, इकडे बाईच्या नावाच्या मधे नवरा असतो आणि पोराच्या नावाच्या मधे बाप. गरज पडत नाही हे खरं. नुसता असतो.

काकू

---

हिंगणघाट
११ ऑक्टोबर २०१४

आदरणीय काकू,

तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. मी सध्या सुट्टीवर घरी आले आहे, म्हणून वरचा पत्ता वेगळा.

खातं ऑगस्टमध्ये बंद झालं. मी त्या दिवशी ऑफिसात होते. यादीत नाव खाली खाली सरकत गेलं आणि मग दिसेनासं झालं. शेवटचं पाहणारी मी होते, म्हणून कळवते.

त्या खात्याच्या ईमेलवर कंपनीकडून एक पत्र आलं असेल. ते यंत्र पाठवतं, काकू. कुणी माणूस बसून लिहीत नाही. तुम्ही ते उघडलं नसेल तर उघडू नका.

मी बरी आहे. इथे कापसाचे दिवस आहेत, घरात खूप काम असतं. आई म्हणते, न दिसणाऱ्या दुकानापेक्षा हे बरं. तुम्ही कळवलंत तसं नोकरीला जपते आहे.

नम्रता

---

सदाशिव पेठ
२५ जानेवारी २०१५

चि. नम्रता,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझं. सुट्टी ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालत नाही. दशरथ मला भेटला. आता तो या बाजूला दूध टाकतो आणि खबरा आणतो. त्यानं सांगितलं की तुमच्या टेबलावरची सगळी माणसं दिवाळीआधीच घरी पाठवली आणि ते काम बंगळूरला गेलं. दिग्विजयही गेला. तू मला नोकरीला जपते आहे असं लिहिलंस. मी 'घरी नसतात' लिहिलं होतं तसंच ते. तुला मी काही बोलणार नाही.

ते ईमेल मी उघडलं होतं, तुझं पत्र यायच्या आधीच. "प्रिय श्यामसुंदर, तुम्ही आम्हाला सोडून जात आहात याचं आम्हाला वाईट वाटतं. परत यावंसं वाटलं तर आमचं दार उघडं आहे." यंत्रानं लिहिलं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर बरीच पत्रं आली होती, त्यांतली निम्मी याहून वाईट होती. पण मी संगणक बंद केला आणि त्यावर कापड टाकलं. पुढे कित्येक महिने मी काही मागवलं नाही. वाचनालयातून आणत होते. तिथे मला हवं होतं त्या प्रवासवर्णनाचा पहिला भाग होता, दुसरा कुणीतरी नेला तो आणलाच नाही. लेखक हिमालयात अर्ध्या वाटेवर आणि मी सदाशिव पेठेत. शेवटी परवा कापड काढलं आणि त्या नव्या कंपनीत माझ्या नावानं खातं उघडायला बसले.

दोन चौकोन होते. पहिल्यात कुसुम, दुसऱ्यात ढमढेरे. वाचून पाहिलं तर शाळेच्या पटावरची वाटले. मधे जागा सोडून त्यांचं नाव घालायचा प्रयत्न केला, तर तांबड्या अक्षरांत काहीतरी आलं. मी पुसलं. मग पत्ता भरला. पत्त्याच्या खाली आणखी एक चौकोन निघाला. लँडमार्क. जवळची खूण. तिथे लोक मारुतीचं देऊळ लिहितात, बँक लिहितात, हे मला वरच्या मजल्यावरच्या मुलीनं सांगितलं. मी तिला म्हटलं, तू जा, तुझं मीठ आलं असेल.

आणि मी तिथे लिहिलं: श्यामसुंदर महिपती ढमढेरे यांचं घर.

तांबडं काही आलं नाही. तो चौकोन कुणी तपासत नाही बहुतेक.

आज पार्सल आलं. पोरगा नवा होता, मोटरसायकलवर. फोन करतील म्हणून मी फोन जवळ ठेवला होता, पण त्याचा लागलाच नसावा. मी खिडकीत उभी होते. तो कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीपाशी थांबला, हातातल्या यंत्रात पाहिलं आणि गिरणीचा पट्टा चालू असल्यामुळे त्याला ओरडून विचारावं लागलं, "भैया, ये श्यामसुंदर महिपती ढमढेरे का घर किधर है?"

गिरणीवाला जयसिंग या गल्लीत येऊन चारच वर्षं झाली. तो यांच्याशी एकदोनदाच बोलला असेल, मला दळण देताना नाव विचारायचीही त्याला गरज पडत नाही. त्यानं पट्टा बंद केला. रांगेत डबे घेऊन उभ्या होत्या त्या बायकांना विचारलं, "श्यामसुंदर ढमढेरे कोण हो?" त्यातल्या एकीनं दुसरीला विचारलं. मग यमुनाबाई आपल्या दारातून बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून. त्या यांच्यापेक्षा वयानं मोठ्या, त्यांना नाव घ्यायला काही आड येत नाही. पण त्यांनी आजवर ते माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं.

"श्यामसुंदर का घर? ये क्या, यही है. दुसरा मजला," त्या म्हणाल्या. मग हिंदी संपली. "ते नाहीत आता. घर त्यांचंच आहे. जा वर. आणि बेल एकदाच वाजव, पाटी लावलीय."

तो वर आला. त्यानं 'साहेब आहेत का' असं विचारलं नाही. त्याला खालीच खरं सांगितलं होतं. मी पुस्तक घेतलं आणि दार लावलं. खाली जयसिंगनं पट्टा सुरू केला नव्हता. बायका अजून विचारत होत्या, यमुनाबाई सांगत होत्या. मोरीचं गटार ऐकू आलं, खडकी ऐकू आलं, मधूनमधून नाव ऐकू आलं. बराच वेळ चाललं होतं.

तुला नोकरी शोधायला पुण्यात यावंच लागेल. कात्रजची खोली सुटली असेल. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, तिच्यात पुस्तकं आहेत, ती थोडी सरकतील. आईला सांग की हे दुकान नाही, घर आहे, आणि दिसतं.

कधी येतेस ते कळव. पण येशील तेव्हा मला खालून फोन करू नकोस. गिरणीपाशी उतर आणि घर विचारत ये.

तुझी,
कुसुम श्यामसुंदर ढमढेरे